देव्हाऱ्यातली बाटली

हायड्रोजनवरच्या बसमधून धूर नाही, नुसतं पाणी निघतं, हे वडिलांना सांगून सांगून सिद्धेश थकला होता. देवरामरावांचं आपलं एकच, "अरे, सायलेन्सरमधून पाणी? कोणाला उल्लू बनवतोस!" शेवटी माजिवड्याला झालेल्या बसच्या चाचणीत निघालेलं पाणीच त्याने बाटलीत भरून घरी आणलं. देवरामराव भजनाला गेलेले, म्हणून त्याच्या आईने, शीलाताईंनी, बाटली देव्हाऱ्यात ठेवली आणि हात जोडले, "देवा, आता तूच ह्यांना पटव रे बाबा."

सकाळी त्या फुलं घेऊन आल्या, तोवर नवऱ्याची पूजा आटोपलेली आणि बाटली अर्धी रिकामी! ओला तळहात डोक्यावरून फिरवत देवरामरावांनी लेकाला हाक मारली.


"सिद्ध्या, गंगाजल म्हणतात ते हे! असं पाणी काढून दाखव तुझ्या सायलेन्सरमधून, मग मानीन!"