साठातले सात

“हे सात जण गाळून टाक,” विभागप्रमुख म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

भूलतज्ज्ञ म्हणून या रुग्णालयात लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. कंबरेखालच्या ऑपरेशनसाठी पाठीच्या मणक्यात भूल देतात. त्या भुलीत मिसळायच्या दोन औषधांची तुलना ती करत होती. एक जुनं, एक नवं. साठ पेशंट. कोणाला कोणतं मिळालं हे ना तिला ठाऊक, ना सरांना. सिरिंजवर नुसता क्रमांक. यादी फार्मसीतल्या बाईंकडे, सीलबंद पाकिटात.

“का म्हणून गाळू, सर?”

“नाडी चाळिसाच्या खाली गेली त्यांची. नव्या औषधाला उगाच बट्टा लागेल.”

“पण ते नव्या औषधाचेच आहेत कशावरून?”

“पंचवीस वर्षं भूल देतोय मी. मला पाकीट उघडावं लागत नाही.”

दोन वर्षं सर जिथे जातील तिथे त्या नव्या औषधाचे गोडवे गात होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या सातांत पाय मोडलेला एक शिंपी होता. टेबलावर तिचं मनगट घट्ट धरून तो पुटपुटला होता, “ताई, मी खाली खाली चाललोय हो.” इंजेक्शन देऊन त्याची नाडी वर येईपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता. आणि हे म्हणतात, गाळून टाक!

“तो माणूस मरता मरता वाचलाय. मी त्याला कागदावरून पुसणार नाही.”

“आवाज खाली. तुला इथे कायम करायचं की नाही, ते माझ्या सहीवर आहे.”

“मग नका करू सही!”

दार आपटून ती निघाली, ती थेट संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या नीतिसमितीकडे. समितीने सरांना बोलावून घेतलं, खरडपट्टी काढली आणि साठच्या साठ पेशंट मोजायचे असा लेखी आदेश दिला. त्यानंतर सर तिच्याशी बोलेनासे झाले. सगळे रविवार तिच्याच वाट्याला येऊ लागले. पाकीट उघडू दे, मग बघते, एवढंच ती मनाशी म्हणायची.

महिन्याभराने पाकीट उघडलं. फार्मसीतल्या बाईंनी यादीवर बोट ठेवून एकेक क्रमांक पेशंटच्या नोंदींशी जुळवला. मग पहिल्यापासून पुन्हा जुळवला.

“अगं, हे सातही जुन्या औषधाचे!” बाई म्हणाल्या. “एरवी दोन्ही औषधं अगदी सारखी. या सातांमुळेच नवं सरस ठरलं. सरांना केवढा आनंद होईल!”

तिने यादीची घडी घातली. मग उठून तिने दार लावून घेतलं.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हे सात जण गाळता येतील का?”