घुमटाची किल्ली

मंगळावरच्या वस्तीत नव्या घुमटाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, आणि तिथली हवा तपासणाऱ्या रेवती पिंगुळकरला अध्यक्षांनी बडतर्फ केलं होतं. घुमटातून प्राणवायू गळतोय, हा अहवाल मागे घ्यायला तिने नकार दिला होता. ती न्यायालयात गेली.

अध्यक्ष तावरे स्वतः बाजू मांडायला उभे राहिले. "न्यायमूर्ती, बाहेर श्वास घेण्याजोगी हवा नाही. इथे रोजच आणीबाणी असते. म्हणून कुणालाही काढायचा अधिकार मला हवा."

न्यायमूर्ती हेमलता कुरुंदकरांनी चष्मा काढला. "रोजच आणीबाणी असेल, तर कायदा कोणत्या दिवशी पाळायचा?"

तावरे हसले. "तुमची मुदत संपत आलीय, बाई. मुदतवाढ माझ्या हातात आहे."

कुरुंदकर निकाल सांगू लागल्या. हवेचा तपासनीस अध्यक्षांना नव्हे, ती हवा घेणाऱ्या माणसांना बांधील असतो, बडतर्फी रद्द.

बाहेर रेवतीने त्यांना गाठलं. "मॅडम, आता तुमचं कसं होणार?"

"माझं काय, पुढच्या यानाने पृथ्वीवर परत जाईन. तू कामाला लाग. घुमट आधी बंद कर."

घुमटाच्या दारात अध्यक्षांचे रक्षक उभे होते. रेवतीने निकाल दाखवला. त्यांच्या प्रमुखाने तो सावकाश वाचला.

"ताई, उद्घाटनाला माझी मुलगी इथे गाणार होती," तो म्हणाला. मग त्याने स्वतःच दार बंद केलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.