पान उघडेना

पान पुन्हा उघडेना. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेच लाल चिन्ह आणि तीच पाटी: ही जोडणी सुरक्षित नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरत असू शकतं. खुशालरावांनी पाटी वाचली आणि आधी दुकानात कामाला असलेल्या अनीसाकडे पाहिलं. ती बिचारी मान खाली घालून पोत्यांवरचे आकडे टिपत होती.

संशयी म्हणून त्यांची ख्यातीच होती. चहात साखर कमी पडली, तर चहावाल्याच्या मनात काय आहे याचा ते दिवसभर विचार करत. अकोटच्या बाजारातलं बी-बियाण्याचं दुकान त्यांनी असंच, कोणावर भरवसा न ठेवता चालवलं होतं. आता त्या दुकानावरच आलं होतं. शिल्लक मालाचा हिशेब सरकारी पानावर भरायचा आज शेवटचा दिवस. भरला नाही तर परवाना गेलाच म्हणून समजा, असं कृषी कार्यालयातून फोनवर बजावलं होतं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा केदार अकोल्याहून पुन्हा आला होता. मागच्या खेपेला त्याने ब्राउझर नवा केला, साठलेला जुना कचरा पुसला, आणि पान फटकन उघडलं. तो एसटीत बसून गेला आणि दुसऱ्या दिवशी पान पुन्हा बंद! खुशालरावांना वाटलं, हा पोट्टाच लबाड आहे, खेपा वाढवतो. आज मात्र केदारने ब्राउझरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. सगळीकडे ऑगस्ट चालू होता, आणि या कॉम्प्युटरमध्ये अजून जूनच. दोन्हीकडची तारीख जुळत नाही, म्हणून पान उघडत नाही, असं त्याने समजावलं.

“आपोआप जाते काय तारीख मांग?” खुशालरावांनी हळूच विचारलं.

“आपोआप नाही जात, भाऊ. कोणीतरी नेतंय.”

केदारने तारीख सरळ केली, पान उघडून दाखवलं आणि तो गेला. खुशालरावांनी माल भरायला घेतला नाही. त्याला संध्याकाळपर्यंत वेळ होता. आधी चोर.

जून म्हटल्यावर त्यांना सगळं आठवलं होतं. जूनमध्ये सोयाबीनच्या एका वाणावर लोक तुटून पडले होते. खुशालरावांनी थैल्या छापील भावापेक्षा चढ्या भावाने विकल्या आणि कोणालाच बिल दिलं नाही. दिली ती कच्ची चिठ्ठी. ते बियाणं उगवलंच नाही, वावरंच्या वावरं कोरी राहिली. आता कंपनी भरपाई देत होती, पण पक्कं बिल दाखवेल त्यालाच. लोक दुकानात आले, रडले, भांडले. आजच्या तारखेचं बिल काय कामाचं, असं म्हणून खुशालरावांनी हात वर केले होते.

मग जूनच्या तारखेत कोण काय विकत असेल? दुपारी ते जेवायला घरी जात, तेव्हा दुकानात अनीसा एकटीच. मागे एकदा परतताना त्यांनी एका माणसाला खिशात कागद कोंबून घाईने जाताना पाहिलं होतं. खुशालरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही बाई माल परस्पर विकते, आणि इतकी वर्षं आपण हिला घरची समजतो!

जेवायला जातो म्हणून ते निघाले, गल्लीतून वळले आणि गोदामाच्या दाराने आत शिरले. प्रिंटर चालू होता. अनीसा कॉम्प्युटरपाशी, समोर श्रावण. याच श्रावणने पेरणी वाया गेल्यावर भर बाजारात खुशालरावांची आई-बहीण काढली होती. त्याच्या हातातला कागद त्यांनी हिसकावला. पक्कं बिल होतं. तारीख जूनची, नाव श्रावणचं, शिक्का दुकानाचा.

खुशालरावांनी शिवी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात श्रावणने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते.

“भाऊ, मी तुमाले लय वाईट बोललो, मनावर घेऊ नका. अनीसाताईनं सांगतलं मले. तुमीच म्हनले म्हने, एकाही मानसाचं बिल राह्यलं नाई पायजे.”

खुशालरावांनी कागद परत दिला. श्रावण गेला.

अनीसाने तारीख पुन्हा ऑगस्टवर आणली, केदार पहिल्यांदा आला तेव्हा गुपचूप आणली होती तशीच, आणि आपला डबा पिशवीत भरला. नोकरी गेली हे तिने धरलंच होतं.

“दुकानाच्या पाटीवर नाव तुमचं हाय, म्हनून तुमचंच नाव सांगतलं,” ती म्हणाली. “पन आज माल भरला का जून बंद होईन, भाऊ. मंग मांगच्या तारखेचं बिल निघत नाई. अजून लोक बसून हायेत बाह्यर.”

त्यांनी बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे पानठेल्याच्या सावलीत सात-आठ माणसं बसली होती. यातल्या एकेकाला त्यांनी दुकानातून हाकललं होतं. त्यांना पाहताच ती सगळी उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने टोपी काढून नमस्कार केला. खुशालरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन वाजला. कृषी कार्यालयाचा होता. माल भरला का, साहेब विचारत होते. पडद्यावर पान सताड उघडं होतं. खुशालरावांनी अनीसाला हाताने पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि फोन कानाला घट्ट धरला.

“नाई ना साहेब. सकाळपासून पानच उघडून नाई राह्यलं.”