पेटीचा आत्मा

मधुवंतीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा, म्हणजे रियाजाची ती रेडिओएवढी पेटी, जळाली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, चारुदत्तनं, कॉलर ताठ केली. "नवी कायले घ्यायची? मी कंप्युटरवर हुबेहूब बनवून देतो."

दोन वर्षांपूर्वी, भर कापसाच्या हंगामात, त्यानं हौसेनं त्या पेटीचा सूर घरीच टेप करून ठेवला होता. त्यावरून एकेक आवाज जुळवत तो दिवाळीपासून कंप्युटरपुढं बसला. समोरची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, यंदा बंद पडल्यामुळे शांतताही आयती मिळाली. तारांच्या झंकाराखालची ती घरघर तर त्यानं जिवापाड जपली आणि बाभुळगावात भेटेल त्याला बजावून सांगितलं, "तो पेटीचा आत्मा आहे. कंपनीलेही जमणार नाही!"

सोमवारी सकाळी खिडकीत मोठे स्पीकर लावून उद्घाटन झालं. मधुवंती सा लावणार, तोच बंद पडेपर्यंत जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाणाऱ्या हंसाबाई हातात डबा घेऊन, धापा टाकत दारात उभ्या राहिल्या.



"भाऊ, मशीनचा आवाज तं येऊन राह्यला. मंग गेटले कुलूप काहून?"