पाचवा डाव

लंकाबाई वर्गाच्या दारातच थांबल्या. याच शाळेतून तिसरीत असताना गणिताला घाबरून त्या शेवंतीच्या मळ्यात पळाल्या होत्या. त्याला पन्नासाच्या वर वर्षं झाली.

"आत या ना, मावशी," मंजुषा मॅडम म्हणाल्या. "आजचा गणिताचा तास तुमचा."

"मला काय येतंय बाई गणितातलं?"

"सागरगोटे आणलेत ना? बास."

चौथीची पोरं सतरंजीवर गोल करून बसली होती. खिडकीतून हिवाळ्यातलं मऊ ऊन आत आलं होतं. लंकाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि पाच राखाडी सागरगोटे खाली पसरले. एक वर उडवला, तो खाली येईस्तोवर दुसरा उचलला, उडवलेला झेलला. असे खालचे चारही एकेक करून टिपले. मग दोन-दोन. मग तीन आणि एक. मग चारही एकदम.

हात जणू त्यांचा नव्हताच, कुणा लहान मुलीचा होता. वर्ग हळूहळू दूर गेला. गोट्यांची टकटक तेवढी उरली, आणि गोदावरीच्या पलीकडच्या काठावरून यावेत तसे मोजणाऱ्या पोरांचे आकडे. दोन... दोन... तीन... एक...

मॅडमनी ते चार प्रकार फळ्यावर लिहिले. "चार गोटे एवढ्याच तऱ्हांनी उचलता येतात?"

"हो!" वर्ग ओरडला.

मागे हर्षालीचा हात वर झाला. गणिताच्या तासाला तो कधी वर होत नसे.

"एक राहिली. आधी दोन. मग एक. मग एक."

मॅडमनी लंकाबाईंकडे पाहिलं.

"असा डाव नाय खेळले कधी," त्या पुटपुटल्या. "आमच्यात नव्हताच."

तरी त्यांनी गोटे पुन्हा पसरले. दोन आले. मग एक. शेवटचा घरंगळत लांब गेला होता. उडवलेला गोटा उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिला, सगळा वर्ग मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला. मग तो अलगद मुठीत आला, लांबून टिपलेल्या गोट्याशेजारी. लंकाबाईंनाच खरं वाटेना.

"आजी, नाव काय या डावाचं?" स्वराजने विचारलं.

"मला काय म्हाईत? जिनं काढला, तिनं ठेवावं."

त्यांनी पाचही सागरगोटे हर्षालीच्या ओंजळीत घातले. सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. हर्षालीने ओंजळ घट्ट मिटली. गोटे अजून गरम होते.