आप्पांचा डावा पाय

किणीचा टोलनाका मागे पडला आणि प्रभुलिंगआप्पांचा डावा पाय गेला. म्हणजे तो होता तिथंच होता, क्लचवर. पण आप्पा 'दाब' म्हणाले की तो ऐकेना. गाडी दोन गचके खाऊन बंद पडली.

"आप्पा?" शेजारी बसलेल्या दानेश्वरीनं पुस्तकातून डोकं वर काढलं.

"काय न्हाय. मुंग्या आल्यात. तू वाच."

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. आप्पांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली रेटला. क्लच दाबला गेला, पण मग किल्लीला आणि स्टिअरिंगला हात उरला नाही. सकाळी पुणं सोडल्यापासून हेच चाललं होतं. रस्त्याचं काम, वळवलेला रस्ता, पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. पाठीला उशी होती, मानेला उशी होती, बुडाखाली जेलची गादी होती. लांबच्या प्रवासात वडिलांना आराम पडावा म्हणून मुलानं, रुद्रेशनं, बेंगळुरूहून सगळं घरपोच पाठवलं होतं. गाडी घेताना शोरूमच्या माणसानं बिनक्लचचीही दाखवली होती. "ह्यो पाळणा झाला," आप्पा म्हणाले होते. "ह्यात ड्रायव्हरनं करायचं काय?"

"मी चालवू?" दानेश्वरीच्या तोंडून निघून गेलं. घरात गाडी रुद्रेशला शिकवली होती. तिला, नोकरी लागू दे मग शिकवतो, असं सांगून ठेवलं होतं.

नोकरीची परीक्षा आजच होती. कोल्हापुरात, कावळा नाक्याजवळच्या एका कॉलेजात. एक वाजता गेट बंद. त्यानंतर कुणालाही आत घेत नाहीत. पुढच्या महिन्यापासून तिचं वय सरकारला चालणार नव्हतं. एसटीत पोरीचं अंग आंबायला नको, आरामात येऊ, म्हणून आप्पा तिला आणायला स्वतः पुण्याला गेले होते.

तिनं पुस्तक मिटलं, वाकून वडिलांच्या गुडघ्यावर दोन्ही तळवे ठेवले.

"सांगा."

"काय सांगू?"

"कधी दाबायचं ते."

"दाब," आप्पा म्हणाले. इंजिन सुरू झालं. गिअर पडला. "आता सोड. हळू! हळू सोड की गं!"

गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"हळू म्हणजे किती हळू?"

"आता ते कसं सांगू? पायाला कळतंय ते."

"पाय झोपलाय तुमचा. मला सांगा."

इतक्या वर्षांत आप्पांना पहिल्यांदाच क्लच तोंडानं सांगावा लागला. "निम्म्यात आलीस की गाडी थरथरत्या बघ. तितं थांब. मी रेस देतो. मग सोड."

वाठार आलं. दाब, सोड. टोप आलं. शेजारच्या जीपमधल्या एकानं काच खाली करून हा प्रकार नीट बघितला.

"काय ओ पावणं, ड्रायव्हिंग स्कूल हाय काय?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "पोरं असतील तर आणून घाला."

शिरोली येईपर्यंत ते थरथरणं दानेश्वरीच्या तळव्यांना कळायला लागलं. आप्पांनी तोंड उघडायच्या आधीच ती दाबत होती. तिच्या कपाळावरचा घाम आप्पांच्या पँटीवर पडत होता.

"जमतंय की गं तुला. रुद्रेशपेक्षा बरं जमतंय."

"आप्पा, गप्प बसा. पुढं बघा."

पुढं बघण्यासारखं काही नव्हतं. पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडं सगळं थांबलं होतं. कंटेनर, ट्रॅव्हल्स, कुणाचा तरी आडवा घुसलेला टेम्पो. फक्त दुचाक्या कडेच्या मातीतून वाट काढत निघून जात होत्या. आप्पांनी गाडी न्यूट्रलला टाकली.

"उतर."

"आप्पा..."

"उतर म्हणतोय न्हवं! कुणाच्या बी मागं बस, कॉलेजचं नाव सांग."

"आणि तुमचा पाय?"

"त्यो काय पेपरला बसणार हाय? पळ!"

ती उतरली. हॉलतिकीट दातांत धरून तिनं दुधाच्या किटल्या लावलेल्या एका मोटरसायकलला आडवं जाऊन थांबवलं, दोन किटल्यांच्या मधे कशीबशी बसली आणि कंटेनरच्या पलीकडं दिसेनाशी झाली.

त्यानंतर लगेच कंटेनर हलला.

रस्ता मोकळा होत गेला. आप्पांनी एका हातानं गुडघा रेटला, दुसऱ्यानं गिअर टाकला, आणि गाडी गचकून बंद पडली. परत रेटला. परत बंद पडली. मागं हॉर्न सुरू झाले. पाठीमागच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं येऊन खिडकीवर हात आपटला.

"गाडी बंद पडली व्हय ओ?"

"गाडीला काय झालं न्हाय."

"मग हलवा की! समदा रस्ता थटलाय तुमच्यापायी!"

आप्पांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. घड्याळाकडं बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"पावणं, तुमच्या ट्रकावरनं पूल दिसतोय न्हवं?"

"दिसतोय. मग?"

"दुधाच्या गाडीवर एक पोरगी बसल्या. पुलाच्या पल्याड गेली काय, तेवढं बघून सांगा. पेपर हाय तिचा. एकला गेट बंद हुतंय."

ड्रायव्हरनं शिवी द्यायला उघडलेलं तोंड मिटलं. तो मागं गेला, ट्रकच्या पायरीवर चढला, एका हातानं आरसा धरून, टाचा उंचावून, मागच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न अंगावर घेत पुलाकडं बघत उभा राहिला.