हलगीचा ठेका

नांदेडच्या फौजदारांनी जप्त केलेली हलगी टेबलावर ठेवून किनवटच्या गोलकीपरला विचारलं, "फुटबॉलच्या सामन्यात तुला 'जंगली माकड' म्हणून कोण चिडवत होतं?" लातूरहून आलेले पाठीराखे माना खाली घालून उभे होते. त्यांच्यातला हलगीवाला पिराजी टेबलावरच्या आपल्या हलगीकडं बघत होता. त्यानं तोंडातून शब्दही काढला नव्हता, नुसती हलगी वाजवली होती; पण त्याच ठेक्यावर सगळे ओरडले होते. सकाळी दवानं हलगी सैल पडली, तेव्हा पालापाचोळा पेटवून गोलकीपरनंच ती शेकून दिली होती. "काका, आता लई कडक वाजंल," म्हणाला होता. "साहेब, बाकीच्यांची तोंडं न्हाई दिसली," पोरगा म्हणाला, "पण हे काका ओरडले न्हाईत. यांना सोडा." फौजदारांनी हलगी पुढं केली. पिराजीनं ती घेतली नाही. "पहिलं नाव माझं लिहा साहेब. माझा हात थांबला असता, तर तोंडं बी थांबली असती."